टेकडीवरच्या ब्लूबेरी

प्रिय इसिडोरमामा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

तुम्ही शिकारीचे सापळे लावायचात तिथला तेलवाळूच्या, म्हणजे वाळूतून तेल काढायच्या, खाणीचा खड्डा बुजवून आता टेकडी झालीय. झाडं माझ्याच हातची, खाण कंपनीच्या नोकरीत लावलेली. गावच्या बैठकीत तुम्ही विचारलंत, "रोझली, तिथली बेरी तू पोरीला देशील का?" मी चारचौघांत हो म्हटलं. तेवढ्यावर तुम्ही गावातर्फे पुढच्या खाणीला संमतीची सही दिलीत.

यंदा बेरी धरल्या. तपासणीत स्वच्छ निघाल्या, अहवाल मीच लिहिला. डबाभर घरी आणल्या. लेकीनं हात घातला, तसा मी डबा ओढून घेतला.

"त्या पाहुण्यांसाठी आहेत."

मामा, आमच्याकडे पाहुणे म्हणून फक्त तुम्हीच येता.

तुमची भाची,
रोझली