पहिली तीन प्रकरणं

सिडनी, ४ जुलै १९८३

प्रिय डंकनदादा,
सा. न. वि. वि.

कादंबरी झाली. तुला हसायचं असेल तर हस. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खरकट्या बशा विसळत मी हेच करत होते.

आता इथला रिवाज ऐक. प्रकाशक आपल्यासारख्यांना दारात उभं करत नाहीत, मध्ये एजंट लागतो. त्याला एक पानी पत्र, पहिली तीन प्रकरणं आणि आपलाच पत्ता घालून, तिकिटं चिकटवून एक रिकामं पाकीट पाठवायचं. नापसंत पडलं की त्याच पाकिटातून आपलं बाड आपल्या घरी. म्हणजे आपल्या मयताची गाडी आपणच आधी सांगून ठेवायची.

पत्राचं पहिलं वाक्य घासून घासून असं झालंय: एक मेंढ्यावाला आपल्या बायकोचा हात लोकर दाबायच्या यंत्रात धरून दांडा ओढतो, ट्रकची किल्ली खिशात टाकतो आणि चहा पीत बसतो, बाई मरते, आणि गाव म्हणतं तिचा पाय घसरला. एका एजंटानं फोनवर कळवलंय की पहिल्या प्रकरणात कुत्र्याला गोळी घातलीय तेवढी काढा, वाचकांना सोसवत नाही. बायकोबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

नावं बदललीत, पण तू ओळखशीलच. मी शेडच्या फटीतून पाहिलं होतं, दादा. तू तेव्हा शाळेच्या वसतिगृहात होतास, आणि परत आल्यावर तू बाबांचं ऐकलंस, माझं नाही. छापून आल्यावर तरी ऐकशील का?

खोली सोडलीय, मैत्रिणीच्या कोचावर झोपते. म्हणून पाकिटांवर आपल्या तिंबाराच्या घराचाच पत्ता घातलाय. आलं तर उचलून ठेव.

लोभ आहेच, तो शिव्यांसकट चालू ठेवावा.
तुझी,
एव्हरिल


तिंबारा, १५ जुलै

चि. एव्हरिल,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही, एवढं समजलं.

तू नऊ वर्षांची पोर होतीस. आईचा पाय घसरला. सार्जंटनं तसं लिहून घेतलं, पाद्रीबाबा तसं म्हणाले, आणि म्हातारा महिनाभर जेवला नाही. तो हात उगारतो हे मला तू सांगायला नको, माझ्या पाठीवर त्याच्या पट्ट्याच्या खुणा आहेत. पण मारणारा माणूस आणि मारून टाकणारा माणूस यात फरक असतो, बाई. तो फरक मानला नाही तर मी त्याच्यासमोर रोज जेवायला बसू कसा?

डाकेची पिशवी गुरुवारी फाटकावरून म्हाताराच उचलतो, विसरलीस वाटतं. पण त्याला अक्षर कळत नाही. फार तर तुझ्या प्रकरणांनी चूल पेटवेल. आमच्या चुलीला तुझं लिखाण पसंत पडेल, काळजी नसावी.

पाऊस नाही. मेंढ्या हाडं मोजून घ्यावीत अशा झाल्यात. तू नीट जेव.

तुझा,
डंकन


सिडनी, २६ जुलै

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुझा राग पोचला. पण बातमी ऐक: मिसेस क्वेल म्हणून एक नावाजलेल्या एजंट आहेत, त्यांनी सबंध कादंबरी मागवली आणि मला जेवायला नेलं. मासा मागवला आणि पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं की हे खरं घडलंय का, कारण खरं असेल तर दुपटीनं खपेल. मी म्हटलं, सगळं मनातलं.

त्यांना शेवट आवडलेला नाही. माझ्या शेवटी म्हातारा सुखानं अंथरुणात मरतो आणि मुलगा त्याची कबर खणतो. त्या म्हणाल्या की वाचकाला तो मुलगा उठलेला बघायचाय. मी सांगितलं, आमच्याकडचे मुलगे उठत नाहीत. हे लागलं तर लागू दे.

कुत्र्यावाल्या एजंटाकडून पाकीट अजून परत यायचंय. ते तेवढं तू आधी उचल, दादा. मला उगाच धास्ती वाटतेय.

माया पातळ होऊ देऊ नये.
एव्हरिल


तिंबारा, ३१ जुलै

एव्हरिल,

आशीर्वाद नंतर. डावा डोळा उघडत नाही, म्हणून अक्षर वाकडं आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच पाकीट आलं. म्हाताऱ्याला वाटलं वकिलाचे कागद, त्यानं टेबलावर टाकलं आणि वाच म्हणाला. मी अर्धं पान वाचेपर्यंत मलाच कळलं नाही काय आहे ते. मग मी मनचं सांगायला लागलो. तो म्हणाला, तुझे डोळे थांबलेत आणि तोंड चालतंय. मेंढ्या मारायची बंदूक आणून त्यानं मीठ-मिरीच्या शेजारी ठेवली. मी तिन्ही प्रकरणं वाचली, बाई. कुत्र्याची गोळी, आईचा हात, सगळं मोठ्यानं वाचलं.

मला वाटलं तो भडकेल, खोटं आहे म्हणून ओरडेल. तो शांत बसून ऐकत होता. हाताचं आलं तेव्हा त्यानं मला थांबवलं. म्हणाला, डावा नाही, उजवा. पोरगी समोरून बघत होती, तिला उलटं दिसलं. आणि चहा कसला, रम होती. मग म्हणाला, पुढे वाच.

इतकी वर्षं मी या माणसाला चहा करून दिला.

मी खुर्चीवरून उठलो एवढंच. त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फोडलं, पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. दोन दात अंगणात जाऊन थुंकले. नंतर त्यानं विचारलं, पुढे त्या माणसाचं काय होतं? मी म्हटलं, पुढचं आलेलं नाही, पहिली तीनच पाठवायची पद्धत आहे. आता त्याला उरलेलं हवंय. ते येईपर्यंत ट्रकची किल्ली त्याच्या खिशात आणि फोनची तार त्यानं तोडलेली. आपल्या सार्जंटला कळवू नकोस, तो शनिवारी इथंच पितो.

डाकेची गाडी चालवणाऱ्या मिसेस हॅल्पिननी माझं तोंड बघितलंय, हे पत्र त्याच गुपचूप नेणार आहेत.

तू म्हणत होतीस ते खरं होतं. मला क्षमा कर.
डंकन


सिडनी, ८ ऑगस्ट

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. मी रडले, मग टंकयंत्रावर बसले.

सोबत शेवटचं प्रकरण आहे, नवं लिहिलंय. मिसेस हॅल्पिनना मी फोन केला होता. त्या हे पिशवीत न टाकता तुझ्याच हातात देतील. आधी एकट्यानं वाच. मुलगा वाचायला बसण्याआधी बंदुकीचं काय करतो, ते नीट बघ. तो गुरुवारीच का वाचायला घेतो, फाटकावर डाकेची गाडी थांबलेली असताना, तेही बघ. ते सगळं केल्यावरच म्हाताऱ्यासमोर बस.

माझा मुलगा शेवटी उठतो आणि चालत त्या गाडीकडे जातो, बस्स. तूही तेवढंच कर. मला तू हवायस, शेवट नको.

एव्हरिल


ब्रोकन हिल, २० ऑगस्ट

चि. एव्हरिल,
अ. आ., आणि या खेपेला मनापासून.

मी सरकारी दवाखान्यात आहे. तीन बरगड्या बांधल्यात. जेवण म्हणजे उकडलेला भोपळा, पण कोणी ओरडत नाही.

बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी उडत नाही, तो सकाळीच काढून बुटात घातला. गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा वाचायला घेतलं. तुझ्या मुलानं बोल्ट काढून घेतल्याचं वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग बंदूक उचलली, माझ्या छातीवर धरली आणि चाप ओढला. हे तू नीट समजून घे. बंदूक निकामी आहे हे नुकतंच ऐकूनही त्यानं एकदा ओढून बघितला.

तुझा मुलगा इथं चालत बाहेर जातो. मला ते जमलं नाही. चुलीवर लोखंडी किटली होती. त्याचा हात टेबलावर होता, उजवा. मी किटली दोन्ही हातांनी उचलून मारली, मोडल्याचा आवाज आल्यावर आणखी मारली. उकळतं पाणी दोघांच्याही अंगावर सांडलं. तो आईच्या नावानं ओरडत होता. मिसेस हॅल्पिन आत आल्या नसत्या तर मी थांबलो नसतो. त्याची मला फार भीती वाटतेय.

मग मी त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि त्याला ट्रकमध्ये घालून इथं आणलं. आईला कोणी आणलं नव्हतं. सबंध वाटेत मी तेवढंच म्हणत होतो.

डॉक्टरनं त्याला विचारलं, हाताला काय झालं? मी दाराशी उभा होतो, सगळं सांगायला तयार. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, शेडमध्ये पाय घसरला. आपलाच सार्जंट येऊन तसंच लिहून गेला.

मी परत जाणार नाही. कोचावर दोघं मावतील का ते कळव.
डंकन


सिडनी, २ सप्टेंबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

कोच रुंद आहे, मैत्रीण तक्रार करत नाही. पहिल्या गाडीनं ये. इथल्या डॉक्टरांकडे तुझं तोंड दाखवू आणि मग मोठ्या पोलीस कचेरीत जाऊ. तू उजव्या हाताचं सांग, मी फटीतून पाहिलेलं सांगते. किटलीचंही सांगावं लागेल, तेव्हा मी शेजारी बसेन.

मिसेस क्वेलनी नवा शेवट वाचला. मी त्यात किटली घातली आणि घसरल्याची थापही घातली. त्यांचं उत्तर आज आलं, माझ्याच पाकिटातून, या खेपेला पत्ता इथला घातला होता. लिहितात की भाषा उत्तम, पण शेवट पटत नाही: तोच पाय, तीच शेड, तीच थाप, आणि दुसऱ्यांदाही ती निमूट लिहून घेणारा पोलीस तर जगात नसतो. तेवढं बदललं तर त्या प्रकाशकाकडे नेतील.

मी कळवलंय की एकच शब्द बदलेन. पहिल्या प्रकरणात डावा आहे, तिथे उजवा.

वाट बघतेय. येताना रागही घेऊन ये, इथे जागा आहे.
तुझी,
एव्हरिल