ते थांबणं माझं

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रेडिओवर वाद्यवृंदासोबतचा तुझा पियानो कॉन्चेर्टो ऐकला. त्याआधी बाबांनी दोन बड्या वादकांच्या तबकड्या लावून तुलना केली. एक म्हणे गाडी चुकल्यासारखा पळतो, दुसरा वाद्यवृंदाशी भांडतो. संथ भागात शेवटचा सूर पुन्हा वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावं ते आमच्या धाकटीनंच, म्हणाले! पेपरातही तुझ्या त्या थांबण्याचं कौतुक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अगं, ते थांबणं माझं! आपल्या पियानोची त्या सुराची पट्टी दाबली की उशिरा वर यायची, म्हणून मला थांबावं लागायचं. बाबा शहरभर लोकांचे पियानो जुळवत फिरायचे, घरचा तसाच. तू माझ्या शेजारी बसून शिकलीस आणि तेही उचललंस. हेवा वाटतो, लपवून काय करू? पुढच्या वेळी न थांबता वाजव. बघू बाबा काय म्हणतात.

राग आहे, लोभही आहे.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी चिडले, मग हसू आलं. थांबणं तुझंच, कबूल. जलद भागात माझा हात कुणी धरू शकत नाही. संथ भागात मात्र माझं स्वतःचं काही नाही. बाबांना सांगू नकोस हं. आणि हेवा मलाही वाटतो. मी हॉटेलांत एकटी जेवते, बाबा तुझ्या हातचं जेवतात.

येत्या रविवारी तुझ्या मनासारखं करते. वाद्यवृंदाच्या संचालकांनी कपाळाला हात लावलाय.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. तू सरळ वाजवून मोकळी झालीस. धाकटीचं आज लक्ष नव्हतं, असं म्हणत बाबांनी रेडिओ बंद केला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कित्येक वर्षांनी त्यांच्यासमोर पियानो उघडला आणि तोच भाग वाजवला. पट्टी केव्हाच दुरुस्त झालीय, तरी हात थांबलेच.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी कान टवकारून बसले. ते मायेनं म्हणाले, छान वाजवलंस, पण धाकटीची नक्कल कशाला करतेस?

पुढच्या वेळी थांब बाई. निदान तुझ्या हातून तरी त्यांना ते आवडू दे.

लोभ आहे, हेवाही आहे. दोन्ही चालवून घे.
तुझी ताई