अचानक लागणारे मंडप

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी प्रभारी मार्गबदल अधिकारी. कुमासी शहराच्या बससेवेत हे पद पहिल्यांदाच निघालंय. दर शनिवारी कुठल्या तरी गल्लीत अंत्यविधीचा मंडप लागतो, खुर्च्या रस्त्यावर येतात आणि बस अडकते. हे आता बंद. डायरेक्टर फ्रेम्पाँगसाहेब म्हणाले, तीन शनिवार सांभाळून दाखवा, मग पद कायम. किरकोळ काम. बायकोला सांगून टाकलं, कायम झालं म्हणून.

५ फेब्रुवारी
पहिला नियम: परवाना असलेला मंडप तोच खरा. बाकीचे माझ्या लेखी नाहीतच. ऑफिसातल्या आफ्रियेबाई म्हणाल्या, परवाना काढतंय कोण? भिंतींवरचे पोस्टर वाचा, मेलेल्याचा फोटो, तारीख, गल्ली, सगळं महिनाभर आधी छापलेलं असतं. मी म्हटलं, सरकारी कामं भिंती वाचून होत नाहीत. टायपिंगकडे वळल्या. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, शनिवार
सहा मंडप. परवाना एकालाही नाही. चौदा गाड्या अडकल्या. सगळंच अनपेक्षित, तसा रिपोर्ट दिला.

१० फेब्रुवारी
खरा दोष ड्रायव्हरांचा. शनिवार आला की प्रत्येकाचं कुणीतरी मेलेलं असतं. आज नऊ नंबरच्या बसवरच्या आदुसेईचा अर्ज. बावीस तारखेला आईचा अंत्यविधी, रजा हवी. अठरा वर्षांचा जुना माणूस, एकुलता मुलगा वगैरे. पण त्याची आई नोव्हेंबरातच वारली. रिवाजाप्रमाणे तीन महिने शवागारात आहे. म्हणजे घाई अशी नाहीच. उत्तर लिहिलं: ‘मृत व्यक्तीस विलंबाने त्रास होत नाही, प्रवाशांस होतो. रजा नामंजूर.’ वाक्य छान जमलं. आफ्रियेबाईंनी टाइप करायला नकार दिला. हेवा. मीच केलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
नऊ मंडप. यावेळी पर्यायी मार्ग तयार ठेवला होता. नकाशावर सरळ दिसतो, प्रत्यक्षात तिथे टोमॅटोचा बाजार भरतो. तीन गाड्या दोन तास टोमॅटोत. मात्र बायकांनी ड्रायव्हरांना टोमॅटो मारले नाहीत, विकले. सुधारणा आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आदुसेई आला. म्हणाला, “साहेब, उद्या सकाळी नऊला आईला माती द्यायचीय. दहापर्यंत तरी सोडा.” शिस्त म्हणजे शिस्त. एकाला सोडलं की बाकीचे रांगेत उभे. पण मी काही दगड नाही. म्हटलं, उद्या मी स्वतः तुझ्या गाडीत बसतो, काही अडलं तर मी आहे. माझ्याकडे बघत राहिला. भारावला असावा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११
आदुसेईच्या सकाळच्या दोन्ही फेऱ्या वेळेवर. आता गाडी खच्चून भरलीय, सगळे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत. लोक शनिवारी बसवर विश्वास ठेवू लागले.

११.४०
बान्तामा भागातल्या मागच्या रस्त्यावर मंडप. परवाना विचारायला उतरणार, तेवढ्यात आदुसेईनं इंजिन बंद केलं, दारं उघडली. प्रवासी उतरले आणि मंडपात जाऊन बसले, एकूण एक. त्यांना इथंच यायचं होतं. आदुसेईनं युनिफॉर्मचा शर्ट काढला, आत काळा होता. किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाला, “आईचं घर आलं. गाडी आता तुम्ही न्या.”
मला गाडी चालवता येत नाही.

१२.३०
मागेही मंडप लागला, दुसऱ्या घरचा. गाडी मधोमध. पत्रा तापलाय. ऑफिसला फोन केला, आफ्रियेबाई म्हणाल्या, बसून राहा.

२.००
आदुसेईच्या मामांनी माइक घेतला आणि माझं पत्र वाचलं. शब्दन्‌शब्द. लाऊडस्पीकर चांगला होता, भाषा खणखणीत वाटली. मग म्हणाले, बहिणीला मातीत ठेवलं तेव्हा तिचा मुलगा बस चालवत होता. चारेकशे माणसं गाडीकडे वळून बघायला लागली. मामा म्हणाले, “लिहिणारा त्या गाडीत बसलाय. ऊन फार आहे, त्याला कुणीतरी पाणी द्या.”
एक म्हातारी पाण्याची पिशवी घेऊन आली. प्यायलो. कुणी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
फ्रेम्पाँगसाहेबांनी पावणेसातलाच बोलावलं, पण रागावले नाहीत. शनिवारी बाकीच्या सगळ्या गाड्या वेळेवर धावल्या म्हणाले. आफ्रियेबाईंनी भिंती वाचून मंडपांची यादी केली होती, आणि ती नाकारायला मी ऑफिसात नव्हतो. पद कायम झालं. आफ्रियेबाईंचं.

मी म्हटलं, मग मी माझ्या जुन्या टेबलावर जातो. साहेब म्हणाले, एकदा खाली आवारात जाऊन या. गेलो. सगळे ड्रायव्हर आपापल्या गाडीपाशी उभे. साडेसहाची पहिली गाडी अजून हललेली नव्हती. आदुसेई डोकं भादरून आला होता. विचारलं, कशासाठी थांबलात? अदबीनं म्हणाला, “तुम्ही गेटबाहेर जायची वाट बघतोय, साहेब.”

डबा घेतला आणि बाहेर आलो. मागे एकेक इंजिन सुरू झालं. तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे चाळीस मिनिटं उशीर, आणि कारण मी. स्टॉपवर उभा राहिलो. नऊ नंबर आली, तशी मान खाली घालून चालायला लागलो.