गुरुवारची मॅच आणि तुमची गॅलरी

प्रिय आण्णा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, शाळेत पत्रलेखनाचे मार्क मिळवायलीस काय?

काल आमच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात पहिली मॅच झाली. गुरुवारी, संध्याकाळी! मॅच संपली आणि हात सवयीने फोनकडे गेला, तुम्हाला लावायचा म्हणून. तुम्हाला जाऊन दुसरा उन्हाळा सरला, पण माझ्या हाताला ते अजून कळलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, तेही संपवायचं आहे.

भांडण कशावरून होतं, आठवतं ना? मैदानावर प्रेक्षकांसाठी गॅलरी हवी की नको, यावरून.

तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा कोल्हापूरच्या अर्ध्या पेठेला सांगून आला होतात की आमची वैशू आयर्लंडात युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलचं सगळं बघते. लिमरिकहून तासाभराच्या अंतरावरचं आमचं छोटं गाव आणि त्याहून छोटी आमची युनिव्हर्सिटी. दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला मैदानावर नेलं. एका बाजूला गवताचा उतार, दुसऱ्या बाजूला गाड्या लावायची जागा, कोपऱ्यात कपडे बदलायची पत्र्याची खोली. बुधवारची दुपार होती. बघायला कोण, तर राखीव खेळाडूंच्या मैत्रिणी, कुत्रं फिरवायला आलेला एक म्हातारा, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आलेले तुम्ही.

"पब्लिक कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

आपल्याकडे तालमीच्या संघाची मॅच असली की दुकानं अर्धी बंद, आणि हरलो तर घरात कुणी धड जेवायचं नाही. तुम्हाला मी काय समजावणार! सांगितलं, की इथे कॉलेजच्या मॅचेस बुधवारी दुपारी असतात, कारण शनिवार-रविवारी मुलं आपापल्या गावच्या क्लबकडून खेळतात. बुधवारी दुपारी बाकीची पोरं वर्गात असतात. आणि शुक्रवारी दुपारी सगळे धुवायच्या कपड्यांची बॅग घेऊन बसस्टॉपवर रांगेत उभे राहतात, घरी जायला. तुम्ही विचारलंत, हे कॉलेज आहे की धर्मशाळा?

तरी दर बुधवारी तुम्ही हजर. गोलच्या मागे, माकडटोपी घालून. "अरं पास दे की लेका" हे आमच्या सगळ्या पोरांना तोंडपाठ झालं होतं. ती "आण्णा! आण्णा!" ओरडायची आणि डब्लिनहून आलेले खेळाडू आजूबाजूला ॲना नावाची मुलगी शोधायचे. घरी येऊन तुम्ही हे मला रंगवून सांगायचात आणि स्वतःच ठसका लागेपर्यंत हसायचात.

माझं काम तुम्हाला पटायचं नाही. मी तारखा जुळवायला बसले की तुम्ही म्हणायचात, कुणाची पत्रिका जुळवतीयस? पण सोपं नव्हतं ते! आमचं मैदान पाणी धरतं. जरा जास्त पाऊस झाला की मोठ्या युनिव्हर्सिट्यांचा लगेच फोन, एवढ्या लांब येण्यापेक्षा आमच्याकडेच खेळू या. आमच्या हक्काच्या मॅचेस अशा एकेक करून त्यांच्या मैदानावर जायच्या, आणि आमची पोरं बसमध्ये झोपून परत यायची.

तशात आमचे प्रेसिडेंट, म्हणजे युनिव्हर्सिटीचे प्रमुख, डब्लिनला अमेरिकन कॉलेजांची एक मॅच बघून आले. आले ते भारावूनच. महिनाभरात ऑफिसात काचेखाली स्टेडियमचं मॉडेल! चारी बाजूंनी खुर्च्या, वर छत, छोटी छोटी कागदी माणसं. त्यांतल्या एकाच्याही हातात छत्री नव्हती, यावरूनच मी ओळखलं की हे होणार नाही. पण तुम्ही? तुम्ही त्या काचेवर बोट ठेवून उभे राहायचात. "ही बाजू तरी करा म्हणावं. येवढी येक गॅलरी."

मी म्हणायचे, आण्णा, बसणार कोण? रिकाम्या खुर्च्या रिकाम्या गवतापेक्षा वाईट दिसतात. तुम्ही म्हणायचात, आधी जागा कर, मग माणूस बसतो. मी सगळं वेळापत्रक तुमच्यासमोर मांडायचे. आणि तुम्ही मला म्हणालात की तुला फुटबॉल कळत नाही. मला! तुमचे चिखलाचे बूट गच्चीवर वाळवण्यात जिचं बालपण गेलं, तिला!

मग तुमचा परतीचा दिवस आला. विमानाच्या आदल्या दिवशी आपण डब्लिनच्या विमानतळाजवळ, सँट्रीला, माझ्या मैत्रिणीच्या फ्लॅटवर उतरलो होतो. चहा पिताना विषय पुन्हा गॅलरीवर आला, मी पुन्हा चिडले. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "तुझ्या आईनं मला येकदा बी खेळताना बघितलं न्हाई."

मला वाटलं, हरायला लागलात म्हणून आईला मध्ये आणताय. आई तर तुमच्या कितीतरी आधी गेलेली. मी म्हटलं, आईचं इथे काय? तुम्ही खिडकीतून उतरणारी विमानं बघत बसलात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही गेलात, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. स्टेडियमचं मॉडेल अडगळीत गेलं. मंजूर झालेल्या पैशांत एकच गोष्ट होणार होती, एका बाजूची छोटी गॅलरी किंवा दिव्यांचे चार खांब. मला विचारलं. मी म्हटलं, दिवे. दिवे असले तर मॅच गुरुवारी संध्याकाळी ठेवता येते. वर्ग सुटलेले असतात आणि शुक्रवारची बस अजून गेलेली नसते. तुमच्या गॅलरीवर मी माझ्या हाताने काट मारली, आण्णा. घरी आल्यावर प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, डाळीचा डबा काढताना वरच्या फळीवरची तुमची माकडटोपी दिसली. दार पटकन लावून घेतलं.

प्रेसिडेंटनी एक अट घातली. या हंगामात गुरुवारी लोक आले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून मोठ्या संघांबरोबरच्या आपल्या सगळ्या मॅचेस त्यांच्याच मैदानावर. म्हणजे आमची पोरं कायमची पाहुणी.

आणि काल दुपारपासून पाऊस! जेवणाच्या सुट्टीत मी मैदानावर जाऊन टाच दाबून बघितली, तुम्ही दाबायचात तशी. पाणी वर आलं नाही. डब्लिनच्या संघाची बस आली. दिवे लागले. उतारावर कुणीच नव्हतं. मग हॉस्टेलच्या बाजूने टोप्या ओढलेली पोरं यायला लागली. चिप्सची गाडी आली, तिच्यामागे आणखी पोरं आली. शिट्टी वाजली तेव्हा उतारावरचं गवत दिसत नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गोलमागे उभं राहून तुमचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या नव्या मुलीने विचारलं, ही ॲना कितव्या नंबरचा शर्ट घालते? मी हसले आणि मग मला रडू आलं.

पण सांगायचं आहे ते पुढचंच.

गाड्यांच्या बाजूला, कोपऱ्यात, एक बाई घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमचा गोलकीपर कीअन, त्याची आई. गुडघे दुखतात म्हणून निसरड्या उतारावर उभं राहता येत नव्हतं, आणि समोरच्या गाड्यांमुळे अर्धं मैदान दिसत नव्हतं. तशाच बसल्या होत्या. मी त्यांची खुर्ची उचलून रेषेजवळ आणली आणि छत्री धरून शेजारी उभी राहिले. त्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. बुधवारी कायम ड्यूटी. गावच्या क्लबात कीअन राखीव, बाकावरच बसतो, खेळतो तो फक्त इथे. कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, आणि आईने त्याला खेळताना पहिल्यांदा काल बघितलं.

त्या मॅच बघतच नव्हत्या, आण्णा. बॉल पार पलीकडच्या गोलपाशी असला तरी त्यांची नजर कीअनवर. त्याच्या हातातून एक सोपा बॉल निसटला आणि गोल झाला, तेव्हा सगळा उतार हळहळला. मी काही बोललेही नव्हते, तरी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही इज ग्रँड. ही इज ग्रँड." म्हणजे, ठीक आहे तो, काही बिघडलं नाही.

तेव्हा मला सँट्रीचा तो चहा आठवला.

तुम्ही जन्मात कधी गॅलरीत बसला नाहीत. कॉलेजात क्रीडाशिक्षक झाल्यावर तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची असायची, तीही सोडून तुम्ही गोलमागे जायचात. मग गॅलरी हवी होती कुणासाठी? आई गच्चीवर उभी राहून मैदानावरचा गलका ऐकायची, आणि तुम्ही सायकल कशी लावता त्यावरून निकाल ओळखायची. त्या गर्दीत बायकांना बसायला जागा नसायची, म्हणून ती कधी आली नाही. हे मला ठाऊकच होतं की! पण तुम्ही मनात ठेवून होतात, हे नव्हतं ठाऊक.

मग सरळ का नाही सांगितलंत? गॅलरी, गॅलरी करत वाद कसले घालत बसलात! आईला कुठे बसवू, एवढंच विचारलं असतंत तर मी एक दिवस तरी भांडले असते का तुमच्याशी?

मॅच बरोबरीत सुटली. निघताना प्रेसिडेंट म्हणाले, पुढची तारीख कधीची? आणि हो, दिव्यांचा निर्णय माझाच बरोबर होता, हे मी तुमच्यासमोरसुद्धा म्हणेन. चारी बाजूंच्या खुर्च्यांचं ते स्टेडियम खुळेपणाच होता. पण तुमचंही पुरतं चूक नव्हतं.

तेव्हा आता ऐका. पुढच्या गुरुवारपासून परीक्षेच्या हॉलमधल्या खुर्च्यांची एक ओळ रेषेजवळ लागेल, वर ताडपत्री. परवानगीचं मी बघते. आणि यापुढे तारीख ठरवताना डब्लिनला फोन करायच्या आधी मी पोरांच्या घरी विचारणार आहे, तुमची ड्यूटी कधी असते? हा माझा शब्द.

तुम्ही या, आणि नेहमीसारखे गोलमागे उभे राहा. आईला मी बसवते.

तुमची,
वैशू