एलिफासच्या सहीची जागा

मी, योसिना लाटुमेतेन, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार हातुमेना, अंबोन बेट, इंडोनेशिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. स्मरण गेलेलं नाही, आणि काही जणांची अडचण नेमकी तीच आहे. याआधीचे माझे सर्व कागद रद्द समजावेत.

१. पृथ्वीगोल, भिंतीवरचे नकाशे आणि पुस्तकांची दोन कपाटं शाळेला द्यावीत. पृथ्वीगोल कुलपात ठेवू नये. मुलांनी फिरवून झिजवला तरी चालेल.

२. बँकेतल्या शिलकीतून माझे अंत्यविधी करावेत. उरेल ते प्रसूतिगृहाला. चर्चच्या गायनवृंदाला काहीही देऊ नये. खालच्या कलमातली घटना घडली त्यानंतरच्या रविवारी त्यांनी क्षमेचं गाणं तीन वेळा म्हटलं. कोणाला, कशाची क्षमा, हे एकानेही विचारलं नाही.

३. माझं राहतं घर, माझ्या पगारातून घेतलेल्या जागेसह, वाईसोना गावच्या रुगायाची मुलगी हमिदा हिला द्यावं. तिने राहावं, विकावं, तिची मर्जी. ख्रिस्ती गावातलं घर मुसलमान बाईला का, असं विचारलं जाईल, म्हणून कारण लिहिते.

हातुमेना आणि वाईसोना ही शपथेने बांधलेली गावं. आम्ही ख्रिस्ती, ते मुसलमान. दोन्हीकडच्या पूर्वजांनी एकाच वाटीतून एकमेकांचं रक्त घेऊन भावंडपण पत्करलं. त्यांनी आमच्या चर्चला लाकूड आणायचं, आम्ही त्यांच्या मशिदीवर पत्रे चढवायचे. आपसांत लग्न नाही, कारण भावंडं. शपथेच्या भावंडाने दार वाजवलं तर उघडायचं. पुढे आमच्याकडे एक प्रचारक येऊन सांगून गेला, की खऱ्या ख्रिस्त्याला पूर्वजांची शपथ बांधत नाही. तिकडे एक मौलवी खऱ्या मुसलमानाविषयी तेच सांगून गेला. माझा धाकटा भाऊ एलिफास प्रचारकाच्या प्रार्थनामंडळात जाऊ लागला. मी ते हसण्यावारी नेलं.

एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये ख्रिस्ती-मुसलमान दंगल पेटली तेव्हा रुगाया आणि तिचा नवरा गनी शहरातून परतताना अडकले आणि माझ्या दारी आले. दोन दिवस मी त्यांना लवंगांच्या कोठीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एलिफास मासळी घेऊन आला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला ‘उसी’ म्हणतात; रुगायाही मला तेच म्हणे. ती आतूनच कुजबुजली, “उसी, मला नाही बाहेर यायचं. त्याची नजर बदललीय.”

मी म्हणाले, “वेडी का काय! शपथेचा भाऊ आहे तुझा. एका भांड्यातलं खाल्लं की संपलं.”

चौघांनी सागोची पेज एका भांड्यातून खाल्ली. एलिफासने गनीला माशाचं डोकं वाढलं. “खा रे, लाजतोस काय? सासुरवाडीला आलायस का?” गनी हसला.

जेवून एलिफास गेला, ती दोघं पुन्हा कोठीत. तासाभरात डोक्याला लाल, म्हणजे ख्रिस्ती टोळ्यांची, फडकी बांधलेली पोरं आली. त्यांनी घर धुंडाळलं नाही, सरळ कोठीकडे गेली. गनीला अंगणात मारलं. रुगाया मागच्या ओढ्यातून निसटली. तिचा उजवा हात तेव्हापासून वर होत नाही.

कोठीत कोण आहे हे माझ्याखेरीज फक्त एलिफासला ठाऊक होतं. मारेकरी बाहेरचे होते, असं गावाने ठरवून टाकलं. तोही तेच सांगतो.

रुगायाला बाहेर बोलावणारी मी. तेवढा दोष माझा, आणि तो मी तिच्या घरी जाऊन कबूल केला. ती म्हणाली, “तुला केव्हाच माफ केलं, उसी. तू चालत आलीस. तुझं गाव दर नाताळात केळी पाठवतं, माणूस काही पाठवत नाही.”

४. वडिलांकडून मला आलेली लवंगांची एकवीस झाडं.

पुढच्या वर्षी दोन्ही गावं शपथ पुन्हा घेणार आहेत. आमच्या बाजूने वाटी धरायचा मान एलिफासला दिला आहे. गेल्या महिन्यात तो आला.

“उसी, म्हातारे झालो आपण. येशूने सत्तर गुणिले सात वेळा माफ करायला सांगितलंय.”

“तू एकदा तरी माग की. कशाची माफी हवी, ते बोल.”

“तेच ते. जे झालं ते.”

“काय झालं?”

तो उठून चपला शोधू लागला.

म्हणून असं ठरवते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. कलम तीन खरं आहे, अशी साक्ष देऊन एलिफासने खाली सही केली, तर झाडं हमिदाला जातील, आणि माझ्या वाट्याची क्षमा त्याला मिळेल. रुगायाच्या वाट्याची माझ्या हातात नाही. सही केली नाही, तर झाडं एलिफासची.

५. माझ्या मातीला वाईसोनाची माणसं येतील. त्यांना आधी जेवायला वाढावं, मग आपल्या लोकांना.

ठिकाण: हातुमेना. दिनांक: १४ ऑगस्ट २०२४.
सही: योसिना लाटुमेतेन

साक्षीदार:
१. डोर्चे तुपामाहू, निवृत्त परिचारिका (सही)
२. इद्रुस लातुकोन्सिना, वकिलांचे कारकून (सही)
३. एलिफास लाटुमेतेन

तिसऱ्या जागेविषयी नोंद, त्याच दिवशी: एलिफास आला. चष्मा लावून त्याने सगळं दोनदा वाचलं. म्हणाला, “खोटं काही नाही यात, उसी.” डोर्चे आणि इद्रुस, दोघांनीही ऐकलं. मी पेन दिलं. ते हातात धरून तो म्हणाला, “पण यंदा कळी फार चांगली धरलीय गं. हमिदाला तोडणी तरी जमेल का?” मग पेन टेबलावर ठेवून, कॉफी न घेता गेला.

झाडं एलिफासची. ही जागा मी जिवंत असेपर्यंत कोरी ठेवावी. त्यानंतर वकिलांनी तिच्यावर आडवी रेघ मारावी.

यो. ला.