तड्याच्या तोंडाशी

खामगाव,
२५ मे २०२५, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तू, भाऊजी आणि पोरं पुण्यात मजेत असाल. इथे ऊन असं आहे की दुपारी नळाच्या पाण्यात पत्ती टाकली तर चहा होईल. सुवर्णाची आरोग्य उपकेंद्रावरची ड्युटी सुरूच आहे. मला शाळेची सुट्टी, म्हणून दिवसभर बाबांजवळ मीच असतो. बाबांच्या कपाळाचे टाके निघाले. जखम भरली, पण खूण राहील असं सुवर्णा म्हणते.

तू पाठवलेल्या बाथरूमच्या रबरी मॅट सोमवारी मिळाल्या. हँडलही मिळालं आणि मी ते त्याच दिवशी भिंतीत बसवलं. चांगलं मजबूत आहे. बाबा त्याला धरत नाहीत, त्यावर टॉवेल वाळत घालतात.

तुला वाटेल, दर दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल होतो तरी ह्यानं पत्र काय काढलं. फोनवर तू पहिल्याच मिनिटाला ‘बाबांकडे दे’ म्हणतेस आणि बाबा कपाळ पुढे करून बसतात. मग माझं बोलणं राहून जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी.

सांगायचं म्हणजे तुझी माशांची टाकी तडकली. उन्हानं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वीतभर खाली तडा गेलाय. मी पाणी निम्म्यावर आणून ठेवलं होतं, पण तडा रोज थोडा थोडा उतरतोय. परवा पाण्यापर्यंत पोचला आणि लादीवर थेंब पडायला लागले.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाबांच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं, तेव्हा तू ही टाकी पाठवली होतीस. ‘काच नको रे, फुटली तर बाबांना लागेल, अ‍ॅक्रिलिकची घेतली,’ असं म्हणाली होतीस. तेव्हा मी मनात हसलो होतो. बापाला औषध म्हणून मासे! पण तूच बरोबर निघालीस. सकाळी साडेसातला बाबा डब्याची पिशवी घेऊन निघायचे, ‘आयटीआयले जातो, बॅच उभी असन’ म्हणत. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, पण पायांना ते कुणी कळवलं नाही. टाकी आल्यावर ते तिच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागले. मासे म्हणजे त्यांची बॅच. रोज हजेरी घ्यायचे. सात होते. आता पाच आहेत.

टाकी निम्मी झाल्यापासून ते तिथे बसेनात. पुन्हा पिशवी, पुन्हा फाटक. मंगळवारी तर जिनिंग मिलपर्यंत गेले होते, पायात चप्पल नाही. म्हणून म्हटलं, नवीन मागवायला पंधरा दिवस जाणार, तोवर घरीच दुरुस्त करून पाहू.

तू हसशील. आयटीआयच्या फिटर निदेशकाचा मुलगा आणि मला खिळा सरळ ठोकता येत नाही. नंबरप्लेटा आणि बोर्ड करणारा गणेश माहीत आहे ना, तो अ‍ॅक्रिलिकचीच अक्षरं कापतो. त्याच्याकडून एक पट्टी कापून आणली आणि जोडायच्या पातळ औषधाची लहान बाटली. ते फेव्हिकॉलसारखं चिकटवत नाही म्हणे, दोन्ही बाजू जराशा विरघळवून एक करतं. ‘सर, वास घेऊ नका, सुई लावून सोडा, अन् दोन दिवस हात लावू नका,’ असं त्यानं तीनदा बजावलं. सुवर्णानं इंजेक्शनची सिरिंज आणली. मासे निळ्या टबात काढले, टाकी रिकामी करून अंगणात निंबाच्या सावलीत आणली, तडा पुसून वाळवला आणि पट्टी लावणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“काऊन बे, काय करून राह्यला?”

बाबा. हातात डब्याची पिशवी.

“पट्टी लावून राह्यलो, बाबा.”

“आंधी तड्याच्या तोंडाशी भोक पाड. नाहीतर थो पट्टीखालून पयते समोर. कोन्या बॅचचा होय तू?”

ताई, खरं सांगतो, माझ्या तोंडून आपोआप निघालं, “नवीन आहे, सर.”

ह्या जन्मात मी त्यांना पहिल्यांदा सर म्हटलं, आणि बाबा एकदम ताठ उभे राहिले. पिशवी खाली ठेवली. “तीन नंबरचं ड्रिल लाव. दाबू नको. मशीनच्या वजनानं जाऊ दे. घाई केली का फुटते.” मी भोक पाडत होतो आणि ते माझ्या मनगटाला दोन बोटं लावून उभे होते. सकाळी स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता न येणारी बोटं. तडा जिथे संपतो अगदी तिथे, केसभरही इकडेतिकडे नाही, भोक पडलं. मग पॉलिश पेपर, मग पट्टी, मग सिरिंजनं कडेकडेनं औषध. ते पाण्यासारखं आपसूक आत शिरलं. “बाकीचे पोरं कुठी गेले?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “जेवाले गेले, सर.” “तू बी जाय मंग.”

आता टाकी अंगणात आडवी वाळते आहे. तिच्यावर जुन्या पुस्तकांचं वजन ठेवलंय. हे पत्र उद्या पोस्टात टाकीन.


२८ मे, बुधवार

ताई,

पत्र टाकलं नाही. पाकीट चिकटवून फाडलं.

वर लिहिलेलं वाचून पाहिलं. त्यात एक गोष्ट खोटी आहे. टाकी उन्हानं तडकली नाही.

९ तारीख, शुक्रवार. दुपारचे साडेतीन. सुवर्णा ड्युटीवर. मी आत पेपर वाचत होतो, तर थिनरचा वास आला. कपाटाला रंग दिला त्यातून उरलेली बाटली मी माळ्यावर लपवली होती, ती बाबांनी शोधून काढली होती. फडकं भिजवून टाकी पुसत होते, आतून आणि बाहेरून. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. लेथ, व्हाइस, ड्रिल, सगळं संध्याकाळी पुसूनच वर्कशॉप बंद करायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. थिनरनं अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात आणि मग ते जराशा धक्क्यानं जातं, हे गणेशनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की दोन मासे उलटे झालेत.

मी ओरडलो, “सोडा थे फडकं!”

“मशीन पुसून राह्यलो. तू कोन होय? बाहेरचा मानूस शॉपात काऊन आला?”

मी फडकं हिसकावलं. ते पुन्हा टाकीकडे वळले आणि स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीनं पुसायला लागले. त्या दिवशी सकाळपासून मी त्यांना दोनदा फाटकातून परत आणलं होतं. एकदा त्यांनी शेजारच्या मोतीरामकाकांसमोर मला चोर म्हटलं होतं. ही कारणं मी स्वतःला एकोणीस दिवस सांगतोय. ती खरी आहेत, पण त्यांचा उपयोग नाही. मी मागून त्यांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकललं.

त्यांचं कपाळ टाकीच्या कोपऱ्यावर गेलं. तडा तिथूनच सुरू होतो, ताई. बाबांच्या कपाळाच्या उंचीवरून.

ते खाली बसले. डोळ्यात रक्त येत होतं. आणि माझ्याकडे बघून काय म्हणाले माहीत आहे? “मशीन बंद कर आंधी. तुले त नाही लागलं, पोरा?”

मी डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. बुद्धपौर्णिमेला तुझा कॉल आला, तुला तेच सांगितलं. तू रडलीस. मला म्हणालीस, ‘रव्या, तू एकटा किती करशील रे.’ आणि चार दिवसांत मॅट आणि हँडल पाठवलंस. ते हँडल बसवताना सुवर्णा दारात उभी होती. ९ तारखेला ती घरी आली तेव्हा बैठकीची लादी ओली होती आणि बाथरूम कोरडं होतं. तिनं तेव्हा विचारलं नाही. हँडलचे स्क्रू पिळत होतो तेव्हा एवढंच म्हणाली, “भितीले भोकं पाडून राह्यले, पन ताईले कवा सांगता?”

दिवाळीत तू बाबांना पुण्याला न्यायचं म्हणालीस तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, माझे हात काही मोडले नाहीत, बापाला मी सांभाळीन. तोंड वर करून म्हटलं होतं. मला त्या वाक्याची फार लाज वाटते.

तू विचारशील, ह्याआधी? हात दोनदा उगारला होता. लागू दिला नाही. यापुढे? ‘यापुढे होणार नाही’ असं लिहायला पेन टेकवलं होतं. पण ९ तारखेच्या सकाळीही मी तसंच म्हटलं असतं.

काल टाकी भरली. खाली वर्तमानपत्र अंथरलं. संध्याकाळी त्यावर रुपयाएवढा ओला डाग होता. पुन्हा रिकामी केली, खालच्या कडेला औषध सोडलं, आज सकाळी पुन्हा भरली. आत्तापर्यंत कागद कोरडा आहे. पट्टी दिसते, तडाही दिसतो, पण भोकाच्या पुढे गेलेला नाही. मासे सोडले. बाबा स्टूल घेऊन आले, हजेरी घेतली. “दोन गैरहजर,” म्हणाले. मग पट्टीवरून बोट फिरवलं. त्यांचं बोट भोकापाशी थांबलं.

“काम बरं झालं. कोनं फोडली होती?”

सुवर्णा स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

“मी, सर.”

“वहीत लिवलं?”

तुला आठवते ना ती वही? त्यांच्या शॉपमध्ये ड्रिल मशीनजवळ सुतळीनं टांगलेली तुटफूट वही. ज्यानं मोडलं त्यानं स्वतः लिहायचं: तारीख, वस्तू, कशानं, पूर्ण नाव. लिहिलं तर बाबा चकार शब्द बोलायचे नाहीत. लपवलं तर पूर्ण बॅच दिवसभर बंद मशीनसमोर उभी. घरातही त्यांनी तशीच वही केली होती. आईची लोणच्याची बरणी मी फोडली होती आणि भीतीनं गोठ्यामागे लपलो होतो. संध्याकाळी वही पाहिली तर तुझं नाव. तू तेव्हा सहावीत होतीस. बाबा तुला काही बोलले नाहीत, आणि मी आजवर कुणाला काही बोललो नाही.

“नाही लिवलं, सर,” मी म्हटलं.

“मंग लिव ना बे.” आणि ते मासे बघायला लागले.

म्हणून लिहितोय. आता हे पत्र फाडणार नाही. सुवर्णा उभी आहे, तीच पोस्टात टाकेल. तू ये, ताई. फोन करू नकोस, ये. बाबांना न्यायचं ठरवलंस तर मी आडवा येणार नाही, बॅग भरून देईन. इथे ठेवायचं ठरवलंस तर दिवसा माझ्याबरोबर दुसरं कुणी माणूस असलं पाहिजे, हे तू मला समोर बसवून सांग. दोन्हीपैकी काय ते तू ठरव. माझ्यावर सोडू नकोस.

तारीख: ९ मे २०२५.
वस्तू: माशांची टाकी. बाबांचं कपाळ, तीन टाके.
कशानं: मी मागून ढकललं.
पूर्ण नाव: रवी जानराव हिवराळे.

ह्या वेळी हे नाव खोडून तुझं लिहू नकोस.

तुझा,
रव्या