भरतीच्या वेळांचा कागद

बुधवार, संध्याकाळ

दोन वर्षांत तिसरा डॉक्टर बदलून गेला. शिकला की गेला. आई इथल्या दवाखान्याची आशाताई. भरतीला होड्या लागतात तेव्हा बायका मासळी उतरवायला जातात, बीपी तपासायला येणार नाहीत, हे तिघांनाही तिनेच शिकवलं. म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर भरतीच्या वेळांचा कागद होता. आज चौथ्या डॉक्टरने तो काढून टाकला. तपासणी रोज दहालाच, म्हणे. उद्या दहालाच होड्या लागणार. मग येणार कोण, बोंबील? शेजारच्या सुमनकाकीच्या गोळ्या संपल्यात. ती म्हणते, "मासली टाकून येऊ काय?"

आणि आई शांतपणे नवा कागद घेऊन बसली.

"कितव्यांदा शिकवणार, आई?"

"चवथ्यांदा. तुला लिवायचा नाद हाय ना, मंग लिव."

लिहिला. रागाने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसरा घेतला.